‘कुणीच मदतीला आलं नाही’ : १९६४च्या एका खुनाची बातमी कशी घडली

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवताना मी बरीच वर्षं एक गोष्ट सांगत आले. न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीवर भर रस्त्यात अर्धा तास चाकूचे वार होत होते, अडतीस जण खिडक्यांतून बघत होते, आणि एकानंही पोलिसांना फोन केला नाही. एवढं सांगून झालं की वर्ग गप्प व्हायचा. मग मी फळ्यावर ‘बायस्टँडर इफेक्ट’ असं लिहायची, म्हणजे बघणारे जितके जास्त तितकं कुणी एक पुढे होण्याची शक्यता कमी, आणि तास पुढे सरकायचा. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, ते अडतीस जण मोजले कुणी?” मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसले, आणि इतकी वर्षं मी काय शिकवत होते ते कळत गेलं तसं वाईट वाटत गेलं. हे टिपण त्या वाचनातून आलेलं आहे.

नावांबद्दल आधीच सांगते. जिचा खून झाला ती, तिची जोडीदार, तिचे शेजारी आणि मारेकरी यांची नावं मी दिलेली नाहीत. शोधली तर मिनिटभरात सापडतील. पण त्या बाईचं अख्खं आयुष्य एका आकड्याखाली गाडलं गेलं, आणि शेजाऱ्यांच्या वाट्याला दोष भरपूर आला. ज्यांनी पदावर बसून निर्णय घेतले त्यांची नावं मात्र आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकेत खुनाची गोष्ट सांगण्याची रीत तिथल्या वसाहतींइतकी जुनी आहे. मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या जॉन बिलिंग्टनला १६३० मध्ये प्लिमथला खुनासाठी फाशी झाली. पुढे न्यू इंग्लंडमध्ये फाशीच्या वेळी पाद्री प्रवचन करत. समोर बेड्या घातलेला कैदी असे आणि भोवती जमलेलं गाव. ही प्रवचनं छापून विकलीही जात. बोस्टनचा कॉटन मॅदर त्यात अग्रेसर होता. या प्रवचनांचा रोख कैद्यापेक्षा ऐकणाऱ्यांवर जास्त असे: हा तुमच्यातलाच आहे, याचीही सुरुवात लहानसहान पापांपासूनच झाली, तुम्ही स्वतःला सांभाळा.

१८३० नंतर एका सेंटला मिळणारी वृत्तपत्रं आली आणि सूर बदलला. १८३६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कुंटणखान्यात एका तरुणीचा कुऱ्हाडीनं खून झाला, तेव्हा ‘न्यूयॉर्क हेराल्ड’चा संपादक जेम्स गॉर्डन बेनेट स्वतः त्या खोलीत जाऊन आला आणि जे पाहिलं ते त्यानं वाचकांपुढे मांडलं. पेपरांनी आठवडेच्या आठवडे ते प्रकरण लावून धरलं. आरोपी निर्दोष सुटला. तिथून पुढे खून ही उकलायची गोष्ट झाली आणि मारेकरी हा आपल्यातला न राहता कुणीतरी विचित्र, परका प्राणी झाला. वृत्तपत्रांचा जोर इतका वाढला की क्लीव्हलँडमधल्या १९५४च्या एका गाजलेल्या प्रकरणात डॉक्टर नवऱ्याला पत्नीच्या खुनासाठी झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये रद्द केली. प्रसिद्धीच्या गदारोळात त्याला न्याय्य खटला मिळालाच नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

आपलं प्रकरण १९५४चा तो खून आणि १९६६चा हा निकाल यांच्या मधलं. १९६४ या वर्षात न्यूयॉर्क शहरात ६३६ खून झाले, म्हणजे दोन दिवसांत साधारण साडेतीन. बहुतेकांना आतल्या पानावर चार ओळी मिळत, काहींना तेवढ्याही नाही.

त्या रात्री काय झालं

१३ मार्च १९६४, पहाटेचे सव्वातीन. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स या भागातली क्यू गार्डन्स ही शांत, मध्यमवर्गीय वस्ती. अठ्ठावीस वर्षांची एक बाई कामावरून घरी येत होती. ती हॉलिसमधल्या एका बारची व्यवस्थापक होती. घरचे लोक शहर सोडून कनेटिकटला राहायला गेले, ही मात्र न्यूयॉर्कमध्येच राहिली होती. रेल्वे स्टेशनच्या वाहनतळावर तिनं आपली लाल फियाट लावली. तिथून घराचं दार हाकेच्या अंतरावर होतं.

गाडीतून पाठलाग करत आलेल्या माणसानं ऑस्टिन स्ट्रीटवर तिच्या पाठीत चाकू खुपसला. ती किंचाळली. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून एक माणूस ओरडला, त्या मुलीला सोड म्हणून. हल्लेखोर पळाला. हा तपशील मी वर्गात कधीही सांगितला नव्हता, कारण मला तो माहीतच नव्हता. त्या एका आरोळीनं हल्ला खरोखर थांबला होता.

ती उठली आणि धडपडत इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. आता ती बहुतेक खिडक्यांतून दिसेनाशी झाली होती. वार फुप्फुसापर्यंत गेले होते, त्यामुळे मोठ्यानं ओरडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. मागच्या एका दाराच्या आत, जिन्याच्या पायथ्याशी ती कोसळली. दहाएक मिनिटांनी तो माणूस परत आला, दारं चाचपत तिथवर पोचला. तिथं त्यानं पुन्हा वार केले, तिच्यावर अत्याचार केला आणि तिच्याजवळचे ४९ डॉलर घेऊन गेला.

हे दोन हल्ले झाले. बातमीत मात्र तीन छापले गेले.

त्या जिन्याच्या वर राहणाऱ्या शेजाऱ्यानं दार किलकिलं केलं, खाली काय चाललंय ते पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्यानं एका मित्राला फोन करून काय करू म्हणून विचारलं. नंतर तो दुसऱ्या बिऱ्हाडात गेला आणि शेवटी पोलिसांना फोन झाला. पोलिसांच्या नोंदीत पहिल्या फोनची वेळ ३ वाजून ५० मिनिटं आहे, दोन मिनिटांत गाडी पोचली. आपल्याला भानगडीत पडायचं नव्हतं, असं त्या शेजाऱ्यानं नंतर सांगितलं. पुढे तेच वाक्य सगळ्या वस्तीच्या तोंडी घातलं गेलं.

आणखी एक शेजारीण होती. फोनवरून कळताच ती धावत खाली गेली. हल्लेखोर अजून तिथंच असेल का, याचा विचार न करता तिनं दार ढकललं आणि मदत येईपर्यंत मैत्रिणीला मांडीवर धरून बसली. घरी तिचं तान्हं मूल होतं. रुग्णालयाच्या वाटेवर त्या तरुणीचा मृत्यू झाला, पण ती एकटी मेली नाही.

बातमी कशी उभी राहिली

दुसऱ्या दिवशीच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये चार परिच्छेदांची बातमी होती. पाच-सहा दिवसांनी मारेकरी सापडला. तो एकोणतीस वर्षांचा, बायकामुलं आणि स्वतःचं घर असलेला, कार्यालयात यंत्रावर काम करणारा माणूस निघाला. कोणतीही बाई मारायची म्हणून आपण बाहेर पडलो होतो, अशी त्यानं कबुली दिली. आणखीही खुनांची कबुली त्यानं दिली. त्यातला एक पोलिसांसाठी अडचणीचा होता, कारण त्याच खुनाची कबुली दुसऱ्या एका तरुणाकडून त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. एका खुनाच्या दोन कबुल्या म्हणजे त्यातली एक खोटी, आणि ती आली कशी याचं उत्तर पोलिसांनी द्यायला हवं होतं.

टाइम्सचे शहर संपादक ए. एम. रोझेनथाल यांनी २३ मार्चला पोलीस आयुक्त मायकेल मर्फी यांच्यासोबत जेवण घेतलं, तेव्हा त्यांनी नेमकं हेच विचारलं. मर्फींनी विषय क्यू गार्डन्सकडे वळवला आणि अडतीस साक्षीदारांचं सांगितलं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. संपादक गेले होते पोलिसांच्या चुकीबद्दल विचारायला आणि परतले लोकांच्या चुकीची बातमी घेऊन.

संपादकांनी मार्टिन गॅन्सबर्ग या वार्ताहराला कामाला लावलं. तो क्यू गार्डन्सला गेला, लोकांशी बोलला. २७ मार्चला पहिल्या पानावर बातमी आली. मथळ्यात ३७ आणि मजकुरात ३८. पहिल्याच वाक्याचा आशय असा होता की अडतीस सभ्य, कायदा पाळणाऱ्या नागरिकांनी अर्ध्या तासाहून जास्त वेळ एका मारेकऱ्याला एका बाईवर तीनदा हल्ला करताना पाहिलं.

पुढ्यात कोणते पर्याय होते

शेजाऱ्यांपुढचे पर्याय आधी पाहू. १९६४ मध्ये अमेरिकेत ९११ हा संकटात मदत मागण्याचा नंबर नव्हता. ऑपरेटरला सांगायचं किंवा स्थानिक ठाण्याचा नंबर शोधायचा. पलीकडून आधी नाव-पत्ता विचारला जाई. एका शेजाऱ्याच्या मुलानं पुढे शपथेवर सांगितलं, की पहिल्या हल्ल्यानंतर त्याच्या वडिलांनी फोन केला होता. पोलिसांच्या नोंदीत तो फोन नाही. मार्चची थंडी, बंद खिडक्या, जवळचा बार सुटल्यावर होणारी भांडणं. पुष्कळांनी ओरडणं ऐकलं, उठून पाहिलं, तर रस्त्यावर एक बाई चालत जाताना दिसली किंवा काहीच दिसलं नाही. ते पुन्हा झोपले.

पण सगळ्यांना पदरात घेणंही खोटं ठरेल. समोरच्या इमारतीत कामाला असलेल्या एकानं चाकू पाहिला आणि तो झोपायला निघून गेला. जिन्यावरच्या शेजाऱ्यानं तर सगळंच पाहिलं. या दोघांकडे वेळ होता, फोन होता आणि काय चाललंय याची खात्रीही होती. असे दोघे होते. बातमीनं त्यांचे अडतीस केले.

संपादकांपुढे किमान चार वाटा होत्या. पहिली, आयुक्तांना मूळ प्रश्न पुन्हा विचारून खोट्या कबुलीच्या मागे लागायचं. दुसरी, अडतीसचा आकडा छापायचा, पण ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ असं स्पष्ट सांगून आणि कुणी पाहिलं, कुणी फक्त ऐकलं, हे वेगळं करून. तिसरी, शहरात मदतीसाठी फोन करणं इतकं जिकिरीचं का आहे हे लिहायचं. चौथी, जी निवडली गेली: माणुसकी आटली, ही बातमी.

चौथी वाट का निवडली गेली असेल, हे मला समजतं. रोझेनथाल बाहेरच्या देशांत अनेक वर्षं वार्ताहर म्हणून काम करून नुकतेच शहराच्या पानावर आले होते, आणि त्यांना शहराच्या मनाला हात घालायचा होता. शिवाय या बातमीतला विचार वाचणाऱ्याला लगेच खरा वाटतो. प्रत्येकानं कधीतरी बाहेरचा आरडाओरडा ऐकून कूस बदललेली असते. तिनशे वर्षांपूर्वीचा पाद्री गर्दीला सांगत होता की कैद्याकडे बोट दाखवू नका, स्वतःकडे बघा. १९६४ मध्ये पहिल्या पानानं तेच केलं. मारेकरी कोपऱ्यात गेला आणि वाचक पिंजऱ्यात उभा राहिला. म्हणून ती बातमी इतकी आत रुतली, असं मला वाटतं. पण पाद्रीबुवा आकडा सांगत नव्हते. बातमीदाराला आकडा तपासावा लागतो.

एका रेडिओ वार्ताहराला तेव्हाच शंका आली होती. खून चाललाय हे बहुतेकांना कळलंच नव्हतं, हे त्याला लोकांशी बोलून समजलं होतं. ते बातमीत का नाही असं त्यानं गॅन्सबर्गला विचारलं, तेव्हा ‘ते घातलं असतं तर गोष्टच बिघडली असती’ अशा अर्थाचं उत्तर मिळालं, असं सांगितलं जातं. मोठ्या पेपरच्या मोठ्या संपादकाशी वाकडं नको म्हणून तो गप्प राहिला. शेजाऱ्यांवर जो आरोप होता, तोच हा.

काय झालं पुढे

लगोलग मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ शहरी बेपर्वाईवर बोलू लागले. जूनमध्ये खटला उभा राहिला. वरून कुणीतरी ओरडल्यावर काय वाटलं, असं विचारलं तेव्हा तो माणूस खिडकी लावून पुन्हा झोपेल असं वाटल्याचं मारेकऱ्यानं सांगितलं. त्याला देहदंड झाला, १९६७ मध्ये तो जन्मठेपेवर आला. १९६८ मध्ये तो बफलोच्या रुग्णालयातून पळाला आणि पकडला जाईपर्यंत त्यानं आणखी लोकांना ओलीस धरलं, आणखी एका बाईवर अत्याचार केला. २०१६ मध्ये, ८१व्या वर्षी, तो तुरुंगात मेला.

बातमी वाचून बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा धरला: माणसं वाईट असतात म्हणून नव्हे, पुष्कळ जण असतात म्हणून कुणी पुढे होत नसेल तर? १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात इंटरकॉमवर एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असं समजणाऱ्यांपैकी ३१ टक्केच, तो माणूस बोलता बोलता गप्प होण्याआधी. हे प्रयोग स्वतःच्या पायावर उभे आहेत, क्यू गार्डन्सची गोष्ट पडली म्हणून ते पडत नाहीत. पण पाठ्यपुस्तकांनी दोन्हींची अशी गाठ मारली, की मी आणि माझ्यासारख्या कितीतरी शिक्षकांनी ती कधी सोडून पाहिलीच नाही. २०१९ मध्ये अॅमस्टरडॅम, केपटाउन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर या तीन शहरांतल्या रस्त्यावरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहातल्या नऊ वेळा जवळपासचं किमान एक माणूस मध्ये पडलं होतं.

काही चांगलंही निघालं. मदतीसाठी देशभर एकच नंबर हवा ही मागणी जोर धरत गेली; १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आयोगानं तशी शिफारस केली आणि १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातल्या हेलीव्हिलमध्ये पहिला ९११ फोन झाला. संकटातल्या माणसाला शक्य ती मदत करणं बंधनकारक करणारा कायदा व्हरमाँट राज्यानं १९६७ मध्ये केला.

शहरात खून वाढतच गेले. १९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये २,२४५ खून झाले. त्या भीतीच्या काळात क्यू गार्डन्सची गोष्ट शहराची ओळख बनून राहिली. तिथल्या एका वकील रहिवाशानं जुनी कागदपत्रं काढून हिशेब मांडला, खटल्यातल्या सरकारी वकिलानंही आपल्याला प्रत्यक्ष पाहिलेले जेमतेम अर्धा डझन साक्षीदार सापडल्याचं सांगितलं. २००७ मध्ये तीन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की अडतीस जण बघत उभे होते, याला पुरावाच नाही. मारेकऱ्याच्या मृत्यूची बातमी देताना २०१६ मध्ये टाइम्सनं स्वतःच्या जुन्या बातमीतल्या चुका कबूल केल्या. बावन्न वर्षं लागली.

त्या काळात शेजारी काय भोगत होते? त्यांच्यातल्या कित्येकांनी वस्ती सोडली. तान्हं मूल मागे ठेवून खाली धावलेल्या बाईनं काय केलं, ते २७ मार्चच्या बातमीत कुठंच नव्हतं. आणि जिचा खून झाला, ती आकड्याच्या आड नाहीशी झाली. एका बाईसोबत तिचा संसार होता. त्या जोडीदारीणीची पोलिसांनी तासन् तास खाजगी चौकशी केली, पेपरांनी तिला ‘रूममेट’ म्हटलं. स्वतःच्या तोंडानं ती जाहीरपणे बोलली ते चाळीस वर्षांनी. जगभर फिरलेला तिचा तो फोटो १९६१ मध्ये घोड्यांच्या शर्यतीवर सट्टा घेतल्याबद्दल झालेल्या अटकेच्या वेळचा, पोलिसांनी काढलेला. खाली धरलेली पाटी कापून उरलेला चेहरा आपण बघत आलो.

वेगळं काय करता आलं असतं

शेजाऱ्यांच्या बाबतीत उत्तर सोपं आहे: ज्या दोघांनी पाहिलं त्यांनी लगेच फोन करायला हवा होता. पहिल्या हल्ल्यानंतर गाडी आली असती, तर दुसरा झालाच नसता.

संपादकांचं काम त्याहून अवघड नव्हतं. आकडा देणाऱ्यालाच विचारायचं: अडतीस जणांनी काय केलं, पाहिलं की ऐकलं, कुठल्या खिडकीतून, किती वाजता? ही यादी घेऊन वार्ताहराला त्या मागच्या दाराशी उभं करायचं, कारण तिथं उभं राहिलं की समोरच्या खिडक्यांतून ती जागा दिसत नाही हे डोळ्यांनाच कळतं. आणि जेवणाच्या टेबलावरचा पहिला प्रश्न सोडायचा नाही.

मारेकरी सापडला कसा, हेही तेव्हा छापता आलं असतं. क्वीन्समध्येच तो भरदिवसा एका घरातून टीव्ही उचलून नेत होता. शेजाऱ्यानं हटकलं, तर म्हणाला, सामान हलवतोय. शेजाऱ्याला पटलं नाही. त्यानं दुसऱ्या शेजाऱ्याला विचारलं, ते घर कुणी सोडत नव्हतं. एकानं पोलिसांना फोन लावला, दुसऱ्यानं त्याच्या गाडीच्या इंजिनातला डिस्ट्रिब्युटर कॅप काढून घेतला, म्हणजे गाडी सुरूच होऊ नये. मारेकरी चालत निघाला आणि थोड्या अंतरावर पकडला गेला. बघणारे मध्ये पडले म्हणूनच तो हाती लागला.

आणि एक. क्यू गार्डन्सच्या दोन आठवडे आधी याच माणसानं क्वीन्समध्येच एका तरुण कृष्णवर्णीय विवाहितेला मारलं होतं. शवचिकित्सेत त्या जखमा टोकदार हत्याराच्या ठरवल्या गेल्या होत्या. तो म्हणाला, मी गोळ्या घातल्या, आणि पुरलेलं शव बाहेर काढून पाहिलं तेव्हा गोळ्या निघाल्या. ही चूक वेळीच कळली असती तर तपास कुठल्या वाटेनं गेला असता, हे कुणी विचारलं नाही. तिचे किती शेजारी जागे होते, हेही कुणी मोजलं नाही.

आता वर्गात मी १४ मार्चची चार परिच्छेदांची बातमी आणि २७ मार्चचं पहिलं पान, दोन्हींच्या झेरॉक्स वाटते. प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीनं लिहायचं, हे कुणी सांगितलं, त्यानं ते स्वतः पाहिलं होतं का. पहिल्या वाक्यालाच मुलं अडतात. तास संपला तरी पुष्कळदा तिथंच असतात.